मी सनई खाली ठेवली

माझं गाणं मांडवात वाजत होतं आणि मी मांडवाबाहेर, पाहुण्यांनी काढलेल्या जोड्यांच्या ढिगाशेजारी बसलो होतो.

आत गादीवर फोनो ठेवलेला. त्याचा पितळी कर्णा पाहुण्यांकडे वळवलेला. लग्न गावच्या देशमुखांच्या घरचं; त्यांचा थोरला मुलगा नागपूरला कॉलेजात शिकून आला होता, तो स्वतः चावी भरत होता. तबकडी नवी होती. त्या साली ते गाणं मुंबईपासून नागपूरपर्यंत लोकांच्या तोंडी होतं. त्याची चाल मी बांधली होती. साथीची वाद्यं मी बसवली होती. गाणाऱ्या बाईंकडून एकेक जागा मी घोटून घेतली होती. आणि ते ऐकायला मला जागा मिळाली ती ही. कातड्याचा आणि पायांच्या घामाचा वास. डोक्याला बापाचं जुनं पागोटं, अंगात दुसऱ्याची बंडी, मांडीवर सनई.

"तिथंच बस," देशमुखांचा कारभारी सांगून गेला होता. "तुह्या बापाची जागा हाय ते."

खरंच होती. बापाची, आज्याची, त्याच्याही बापाची.

आम्ही मांग. मेहकर तालुक्यातलं, डोणगावच्या पलीकडचं आमचं गाव. गावातल्या लग्नात आमच्या घरानं वाजवायचं, हा आमचा हक्क. हक्क हा गावाचा शब्द. बैलाचा नांगरावर हक्क असतो, तसा हा. हळदीपासून वरातीपर्यंत आम्ही दारात. मांडवात पाय टाकायचा नाही. पाणी वरून ओतलेलं, ओंजळीत. जेवण सगळ्या पंगती उठल्यावर. पण गंमत अशी, की आमच्यावाचून लग्न लागायचं नाही. शेवटचं मंगलाष्टक संपलं की भटजी ओरडणार, "वाजवा रे वाजवा!" तेव्हा आम्ही वाजवायचं. तो आवाज झाला म्हणजे नवरानवरी झाले. वाजलं नाही तर ते लग्न धड लागलंच नाही, असं गावातल्या बायका मानत. लहानपणी मी बापाला विचारलं होतं, "आपल्याबिगर लगन होत नाही, तं मंग आपल्याले आत काऊन घेत नाहीत?"

बाप सनईची पत्ती तासत होता. मान वर न करता म्हणाला, "असंच असते."

सूर मला बापानं दिला. राग मी बुलढाण्याला शिकलो. तिथं सरकारी बांधकामावर दगड वाहायला गेलो होतो. वाटेवरच्या एका गल्लीत एक म्हातारे खाँसाहेब सारंगी वाजवत. मी रोज त्यांच्या दाराबाहेर उभा राहायचो. एक दिवस ते म्हणाले, "खडे-खडे कोई सुनता है क्या? अंदर आ. बैठ." मी घाबरून आधी जात सांगितली. ते चिडले. "वो मैंने पूछा? सुर लगा." त्यांच्या चटईच्या काठावर बसलो. त्यांच्याच कटोऱ्यातून पाणी प्यायलो आणि पिताना सांडलं सगळं. दिवसा दगड, संध्याकाळी मारवा, अशी कित्येक वर्षं काढली. त्यांचा पुतण्या मुंबईत एका सिनेमा कंपनीत सारंगी वाजवायचा. त्याच्या ओळखीनं मी तिथं सनई वाजवायला लागलो, मग नोटेशन शिकलो, मग एकदा संगीत दिग्दर्शक रुसून निघून गेला तेव्हा मालकानं मला पेटीपुढे बसवलं.

पहिलं चित्र चाललं. पुढच्या चित्रात पडद्यावर नाव द्यायची वेळ आली तेव्हा मालक म्हणाले, "आडनाव नको. गाव नको. नुसतं मास्तर लावू." मी विचारलं, का. ते म्हणाले, "तुलाच बरं."

मग लोकांनी आपापल्या सोयीनं मला कुणी गोव्याचा केलं, कुणी ब्राह्मण केलं. मैफलीत कुणी घराणं विचारलं तर मी खाँसाहेबांचं नाव सांगायचो. घर विचारलं तर मला खोकला यायचा. पैसा मिळाला, कोट मिळाला, खुर्ची मिळाली. पण रोज सकाळी उठलो की वाटायचं, आज कुणीतरी ओळखणार. घरात चोर शिरावा तसा मी माझ्याच नावात राहत होतो.

लढाईचे दिवस होते. एक दिवस धाकटा भाऊ मुंबईला येऊन दारात उभा राहिला. बाप आजारी, चल म्हणाला. मलकापूरला गाडीतून उतरलो. पेट्रोल मिळत नव्हतं, कोळशावरची सर्व्हिस मोटार घाट चढताना धापा टाकत होती. बुलढाणा, चिखली, मेहकर, पुढं बैलगाडी. घरी पोचलो तर बाप खाटेवर बसून तसाच धापा टाकत होता. आयुष्यभर फुंकून त्याच्या छातीचा भाता फाटला होता. मला पाहून त्याचे डोळे भरले. माझेही भरले. मग तो म्हणाला, "आला? बरं झालं. देशमुखाच्या पोरीचं लगन हाय. त्यायनं तुले बलावलं."

मला वाटलं होतं, बापानं बोलावलं. बोलावणं देशमुखांचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कोट घालून त्यांच्या वाड्यावर गेलो. ते ओसरीवर झोपाळ्यात, मी खाली अंगणात. "ये बे मास्तर," ते म्हणाले आणि ओसरीवरचे सगळे हसले. "आमच्या दारचा मांग सिनेमात गेला म्हंते! अमरावती-नागपूरचे पाहुणे येऊन राह्यले. पाहू दे त्यायले, आमच्या दारात कोन वाजवते ते."

कुणी दारात हत्ती बांधतो. यांना मी बांधायचा होता.

मी म्हणालो, "वाजवायचं सोडलं मी. गायला सांगाल तर गाईन. मांडवात बसून."

झोपाळा थांबला. "मांडवात?" ते चिडले नाहीत. त्यांना खरोखरच समजलं नाही. एखाद्या गाढवानं पंगतीत पाट मागावा, तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "अन् तो कोट काहाडून येजो. वाजंत्री कोटात बसला तं नवरदेव कोनता हे लोकायले समजन कसं?"

पुन्हा हसणं. आणि माझंही तोंड हसल्यासारखं झालं. अपमान त्यांनी केला आणि हसू मी पुरवलं. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

घरी आलो तेव्हा बापाला सगळं आधीच कळलं होतं. तो म्हणाला, "एक डाव वाजव. मंग जाय तुह्या मुंबईले."

"नाही वाजवत, बा."

"आपल्या झोपड्या त्यायच्या जागेवर. विहिरीची वाट त्यायच्या वावरातून. तू तं जाशीन. आमी कुठी जाऊ?"

दाराबाहेर वस्तीतली माणसं जमली होती. आत पाहत होती. त्यांच्या घागरी, त्यांची लेकरं, त्यांची छपरं, सगळं माझ्या ओठांवर येऊन बसलं. मुंबईत मी सुटा होतो कारण मी कोण हे कुणाला माहीत नव्हतं. इथं सगळ्यांना माहीत होतं. दोन्हीकडून दार बंद. मी कोट काढून खुंटीला टांगला आणि बापाचं पागोटं मागितलं.

तर असा मी त्या जोड्यांपाशी बसलो होतो.

गाणं संपलं. आतून "वा, वा!" आलं. अमरावतीचे एक वकील होते, गाण्याचे शौकीन. त्यांनी विचारलं, "चाल कुणाची हो ही?" देशमुखांचा मुलगा याचीच वाट पाहत होता. त्यानं हाक मारली, "ए मास्तर, इकडं ये. आत नको. खांबापाशी. तिथंच, तिथंच."

मी मांडवाच्या कडेच्या खांबापाशी उभा राहिलो. वकील उठून जवळ आले. "अहो, तुम्ही? तुम्हीच का ते?" त्या गावात मला 'अहो' म्हणणारा तो पहिला माणूस. खोटं कशाला बोलू, माझी छाती भरून आली. वाटलं, चला, एक तरी माणूस भेटला. त्यांनी तबकातला विडा उचलला आणि माझ्यासमोर हात केला. मीही हात पुढं केला.

देशमुख खोकले. नुसते खोकले.

वकिलांनी त्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. हात तसाच थोडा वेळ राहिला. मग ते वाकले, विडा खांबाच्या बुडाशी जमिनीवर ठेवला आणि दुसरीकडं बघत म्हणाले, "घ्या."

मी घेतला नाही. तो विडा तिथंच पडून राहिला. पुढं एका शेळीनं खाल्ला. देशमुखांचा मला जेवढा राग आला नव्हता, तेवढा त्या वकिलांचा आला. देशमुखांना कळत नव्हतं. वकिलांना कळत होतं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं देशमुखांची म्हातारी चुलती ओरडली, "अगं माय, हे गानं त्या मांगानं बांधलं का? मंग लग्नघरात कसं चालते ते?"

सगळे भटजींकडं बघायला लागले. खरंच पेच होता. तबकडी गादीवर, गाणं मांडवभर पसरलेलं, आता काय शिंपडणार? भटजी अक्षता ओल्या करत होते. हसून म्हणाले, "सुराले विटाळ नसते, काकू. विटाळ माणसाले असते."

मांडवातला पेच सुटला. मुलानं तबकडी पुन्हा लावली. म्हातारीही मान डोलवत ऐकायला लागली.

मी माझ्या जागेवर येऊन बसलो. भाऊ शेजारी डफडं शेकत होता. माझ्या कानात तेवढंच एक वाक्य. सुराला विटाळ नसतो. माणसाला असतो. म्हणजे माझ्या छातीतून निघालेली हवा त्यांना चालते, छाती चालत नाही. माझ्या बापाची छाती ज्या हवेपायी फाटली, ती हवा यांच्या लेकीबाळींना नवऱ्याच्या घरी पोचवते, आणि तो बाप या घराच्या पायरीवर मेला तर हे पायरी धुऊन काढतील. इतकी वर्षं मी समजत होतो की माझी जात माझ्या गाण्याच्या आड येते. तसं नव्हतंच. गाणं केव्हाच आत गेलं होतं. त्यांनी ते माझ्यापासून सोलून घेतलं होतं आणि साल बाहेर टाकलं होतं. मुंबईच्या मालकानं काय वेगळं केलं? चाल ठेवली, नाव काढलं.

भीतीही वाटत होती, खोटं कशाला.

गोरज मुहूर्त. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. मी सवयीनं पत्ती ओली करून तोंडात धरली. नवरी मला दिसत होती. कोवळी पोर, भेदरलेली. तिनं माझं काही वाईट केलं नव्हतं. शेवटचं कडवं आलं. सावधान. अंतरपाट बाजूला झाला.

"वाजवा रे वाजवा!"

मी पत्ती तोंडातून काढली आणि सनई खाली ठेवली. मातीवर.

भावानं डफड्याचं टिपरू उचललं होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. तो क्षण मला फार मोठा वाटला, कारण त्याला त्याच गावात राहायचं होतं, मला नाही. त्यानं टिपरू खाली ठेवलं.

अक्षता पडल्याचा आवाज ऐकू आला, इतकं शांत झालं. भटजी पुन्हा ओरडले, "वाजवा रे!" कारभारी धावत आला, "काऊन बे? मेला काय?" आत बायका कुजबुजायला लागल्या. नवरीची आई रडायला लागली. शेवटी कुणीतरी पळीनं ताट बडवलं. त्या ताटावर लग्न लागलं. पाहुण्यांसमोर मारझोड नको म्हणून आम्हाला कुणी हात लावला नाही. आम्ही उठून घरी आलो.

मला वाटलं होतं, छाती हलकी होईल. झाली नाही. वस्तीत शिरलो तर शेजारची म्हातारी दारातूनच ओरडली, "तुह्यापाई आता आमी काय नाल्याचं पेवाव का?" तिचं काय चुकलं? बाप भिंतीकडं तोंड करून पडला होता. थोड्या वेळानं कारभारी वस्तीच्या तोंडाशी आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. सकाळी वरात निघेल. वाजवायला आले तर झालं गेलं विसरू. नाही आले तर विहिरीची वाट बंद.

वस्तीतले वडीलधारे माझ्यापुढं हात जोडून बसले. माझ्या बापाच्या वयाची माणसं. माझ्यापुढं हात जोडत होती, उद्या देशमुखांपुढं जोडणार होती. मी म्हणालो, "वाजवतो. मांडवात बसवा, वाजवतो." ते उठून गेले. मी मूर्ख आहे असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

सकाळी जागा झालो तर बापाची खाट रिकामी. सनई नाही.

मला लगेच कळलं. मी खुंटीवरचा कोट काढून घातला. बूट घातले. घाईत नाही, मुद्दाम.

मांडवाच्या दारात, त्याच जागेवर, बाप उभा होता आणि सनई फुंकत होता. सूर येत नव्हता. नुसती हवा. फुस्स, फुस्स. गळ्याच्या शिरा फुगलेल्या, डोळे बाहेर आलेले. थांबायचा, खोकायचा, पुन्हा लावायचा. पाहुण्यांतली तरुण पोरं पोट धरून हसत होती. देशमुख म्हणत होते, "वाजव, वाजव. लेकाचं भरून काहाड."

बापापर्यंत जायची जवळची वाट मांडवातून होती. मी मांडवातून गेलो. बुटांसकट, गादीच्या मधून. माणसं लुगडी-धोतरं आवरत बाजूला झाली. मी बापाच्या तोंडातून सनई काढून घेतली. त्याचा हात धरला. तो हात बर्फासारखा गार होता.

"आजपासून हे घर कुणाच्या दारात बसून वाजवणार नाही," मी म्हणालो.

"मंग पानी कुठचं पेशीन?" देशमुखांनी विचारलं.

"पाहून घेऊ."

वकील मध्ये आले. "अहो, असं करू नका. शुभकार्य आहे."

"तुमचं आहे," मी म्हणालो.

गावाच्या वेशीत काठ्या बसल्या. माझ्या पाठीवर, भावाच्या हातावर. त्याचं मनगट मोडलं, डफडं वाजवायचं मनगट. ते पुन्हा नीट बसलं नाही. विहिरीची वाट बंद झाली. वस्तीतल्या बाया पाण्यासाठी नाल्यापर्यंत जायला लागल्या आणि वाटेत मला शिव्या देत राहिल्या. पुढच्या लग्नसराईत वस्तीतल्या दुसऱ्या घरानं दारात बसून वाजवलं. वाट उघडली. मी त्यांना दोष देत नाही. पण त्यांचं बरोबर होतं असंही मी म्हणणार नाही.

बापाला, भावाला मी बुलढाण्याला नेलं. खोली घेतली. बाप तिथं एक पावसाळा जगला. माझ्याशी बोलला नाही. शेवटी शेवटी एकदाच म्हणाला, "तुनं माहा मान घालवला."

त्या दारातल्या मातीला तो मान समजत होता. काठ्यांपेक्षा मला हे जास्त लागलं. एवढं काय करून ठेवलं होतं त्यांनी माझ्या बापाचं, की पायाखालची धूळ त्याला डोक्यावरचं पागोटं वाटावी? मी त्याला जाळून आलो आणि रडलो. त्याच्यासाठी रडलो आणि त्याच्यावर चिडूनही रडलो.

मुंबईला परत गेल्यावर नव्या चित्राचं काम सुरू झालं. मालकांनी विचारलं, "मास्तरच लावायचं ना?" मी माझं नाव सांगितलं. पूर्ण. बापाचं, आडनाव, गाव. ते म्हणाले, "वऱ्हाडात थेटरवाले चित्र उतरवतील." मी पेटी मिटली. बांधून झालेल्या चाली त्यांना दिल्या नाहीत. त्यांनी दुसरा माणूस घेतला. माणसांना काय तोटा.

आता मला काम कमी मिळतं. कधी महिनेच्या महिने मिळत नाही. मधूनमधून बोलावणी येतात, मोठ्या घरांची, गणपती उत्सवांची, कुणाकुणाच्या सत्काराची. मी एवढंच विचारतो, मी बसायचं कुठं आणि माझ्या माणसांनी बसायचं कुठं. पुष्कळांना हा प्रश्न उद्धटपणाचा वाटतो. वाटू दे. भावाच्या पोरांना मी सनई शिकवतो, यमन शिकवतो, मारवा शिकवतो, आणि दारात बसून एक फुंकरही घालायची नाही हे त्याआधी शिकवतो. सुराला विटाळ नसतो, विटाळ माणसाला असतो, हे तुमच्याच भटजींनी तुमच्याच मांडवात सांगितलं आहे. मग ज्या मांडवात माझ्या माणसाला जागा नाही, तिथं सूर मागायचा नाही. आमच्या घरातून तो मिळणार नाही. ताटं बडवा, नाहीतर मुकी लग्नं लावा.